नाव निघालं का?

दहा नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी मी परभणीत, गांधी पार्कच्या मागच्या एका बोळात, चाचांच्या शिलाईच्या दुकानात उभा होतो. भाचीचे लग्न तोंडावर आले होते आणि पँटची कंबर दोन बोटे सैल करून हवी होती. चाचांनी गळ्यातली टेप काढून माझ्या कमरेभोवती फिरवली, कानावरच्या पेन्सिलीने पावतीपुस्तकात आकडा लिहिला आणि जुनी शिवण उसवण्यासाठी ब्लेड हातात घेतले. तेवढ्यात समोरच्या हॉटेलातल्या टीव्हीचा आवाज एकदम वाढला. दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका मोटारीत स्फोट झाला होता. पडद्यावर जळणाऱ्या गाड्या, धूर, सैरावैरा धावणारी माणसे आणि खाली सरकणारी लाल पट्टी दिसत होती. हॉटेलातली माणसे हातातल्या कपबश्यांसकट उठून पडद्याजवळ गेली. चाचा जागचे हलले नाहीत. चहा घेऊन आलेल्या पोराला त्यांनी दबक्या आवाजात विचारले, "नाम निकला क्या रे?" पोरगा म्हणाला, "अब्बी नै." चाचांनी मान हलवली. मग त्यांचे माझ्याकडे लक्ष गेले, हातातले ब्लेड त्यांनी मशीनच्या पाटावर ठेवले आणि घाईघाईने मला विचारले, "किती गेले वो, भाऊ?"

या दोन प्रश्नांचा क्रम माझ्या मनातून अजून जात नाही.

चाचांचा मी चांगला परिचित आहे. माझ्या शाळेच्या खाकी चड्ड्यांपासून लग्नातल्या कोटापर्यंत सगळे त्यांच्या हातचे. कुणाच्या घरी मयत झाली तर दुकानाचे फळकूट अर्धे लावून आधी तिथे जाणारा हा माणूस. मेलेल्यांची संख्या त्याच्या मनात दुसऱ्या क्रमांकावर जावी, असा त्याचा स्वभाव नाही. तो क्रम त्याला शिकवला गेला आहे. नाव एका तऱ्हेचे निघाले तर दुसऱ्या दिवशी दुकानात येणारे गिऱ्हाईक डोळ्याला डोळा देईल की नाही, पुण्यात एसी दुरुस्तीचे काम करणाऱ्या धाकट्याला घरमालक काय विचारील, शाळेतून नात काय ऐकून येईल, हे सगळे त्या एका नावावर अवलंबून असते. म्हणून तो आधी नाव विचारतो आणि नंतर ओशाळून माणसे विचारतो. मला अधिक टोचले ते हे, की पोरगा "अब्बी नै" म्हणाला तेव्हा मीही पडद्याकडे बघत नावाचीच वाट पाहत होतो. मला कसलीच भीती नव्हती. माझी ती निव्वळ सवय होती. जिल्ह्याच्या एका दैनिकात मी पंधरा वर्षे उपसंपादक होतो आणि नाव कळल्याशिवाय बातमीला मथळा सुचत नाही, असे माझ्या हाताला वळण पडले होते.

त्या रात्री घरी टीव्हीसमोर बसलो. पहिले नाव पडद्यावर आले ते गाडीच्या जुन्या मालकाचे. त्याला गुरुग्राममधून चौकशीसाठी नेले होते. गाडी त्याने आधीच विकून टाकलेली होती आणि नंतर ती आणखी काही हातांतून फिरली होती. पण पट्टीवर त्याचे नाव आणि स्फोटाची दृश्ये एकाच चौकटीत, एकाच वेळी होती. पुढच्या काही दिवसांत गाडी चालवणारा काश्मीरमधला एक डॉक्टर असल्याचे तपासयंत्रणांनी डीएनए चाचणीच्या आधारे सांगितले, त्याचे आणखी साथीदार पकडले गेले, आणि स्फोटकांचे मोठे साठे स्फोटाच्या आधीच सापडले होते हेही कळले. म्हणजे चाचांना ज्याची भीती वाटत होती तसेच या वेळी निघाले. ते सत्य आहे आणि ते सांगितलेच पाहिजे. पण पहिल्या रात्रीचा तो गाडीचा जुना मालक डोक्यात राहून गेला. मोटार विकताना आपण कागदांवर सह्या करतो, किल्ली हातात देतो आणि विसरून जातो. आपल्या सहीचा असा हिशेब एखाद्या रात्री देशासमोर मांडला जाईल, हे कुणाच्या स्वप्नात येते?

मी दैनिकात लागलो ते २००३ साली. कार्यालय मोंढ्यात एका अडत दुकानाच्या माडीवर होते. खालून सरकीचा आणि तुरीचा वास वर येई, जिन्यावर हमालांच्या विड्यांची थोटके पडलेली असत आणि रात्री साडेअकराला पाने सोडावी लागत, कारण त्यानंतर गठ्ठे पहाटेच्या एसटीत चढत नसत. लागून वर्षसुद्धा झाले नव्हते तेव्हा, नोव्हेंबरात, रमजानच्या अखेरच्या शुक्रवारी परभणीतल्या मोहम्मदिया मशिदीत स्फोट झाला. चाचा त्या दिवशी तिथेच नमाजाला गेले होते. त्यांना काही इजा झाली नाही, पण दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाकडे जाताना ते दुकानाच्या पायरीवर बसलेले दिसले, आणि कानाला हात लावून ते मला खुणेने सांगत होते की ऐकू येत नाही. आम्ही मथळा दिला होता, "मशिदीत स्फोट, शहरात तणाव". आज तो मथळा आठवला की दिसते, की त्यात "दहशतवाद" हा शब्द नव्हता. पुढच्या ऑगस्टमध्ये पूर्णा आणि जालन्यात मशिदींवर तसेच झाले, तेव्हाही नव्हता. असे लिहू नका, असे कुणी सांगितले नव्हते. आम्हालाच तो शब्द सुचला नाही. ज्या शब्दासाठी आमच्या मनात एक विशिष्ट चेहरा आधीच तयार होता, तो चेहरा या बातमीत जखमींच्या बाजूला बसलेला होता.

मग २००६ हे वर्ष आले. त्या एका वर्षात माझ्या हाताखालून चार मोठ्या बातम्या गेल्या आणि त्या चारही बातम्यांचा शेवट व्हायला इतकी वर्षे लागली, की काही शेवट मी नोकरी सोडल्यानंतर वाचले. सहा एप्रिलला नांदेडच्या पाटबंधारे नगरातल्या एका घरात मध्यरात्रीनंतर स्फोट झाला आणि दोन तरुण गेले. पहिली माहिती फटाक्यांच्या साठ्याची आली. आम्ही ती तशीच घेतली. "घरात फटाक्यांचा स्फोट, दोन ठार", दोन कॉलम, पान पाच. एवढ्या मोठ्या स्फोटात फटाकेच होते का, असे आमच्यापैकी एकानेही वार्ताहराला फोन करून विचारले नाही. पुढे पोलिस, एटीएस आणि मग सीबीआय त्याला बाँब तयार करतानाचा स्फोट म्हणू लागले, आरोपींची नावे आणि संघटना समोर आल्या. तेव्हा आम्ही बातमीचा आकार वाढवला, पण त्या जागी शब्द वापरताना आमचा हात फार जपून चालत असे. "कथित", "संशयित", "असा पोलिसांचा दावा" हे सगळे शब्द आम्हाला तेव्हा बरोबर आठवत होते. जानेवारी २०२५ मध्ये नांदेडच्या न्यायालयाने हयात असलेल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडले. म्हणजे आमचा तो जपून चाललेला हात कायद्याच्या दृष्टीने योग्यच होता.

नांदेडच्या स्फोटानंतर महिन्याभराने, नऊ मे २००६ रोजी, चांदवड-मनमाड रस्त्यावर आरडीएक्स आणि एके-४७ रायफली घेऊन जाणारी गाडी पकडली गेली आणि तेव्हाच्या औरंगाबादचे व बीडचे तरुण त्यात असल्याचे कळले. "कथित", "संशयित" हे सगळे शब्द आम्ही त्या रात्री विसरलो. आठ कॉलमी मथळा मी स्वतः बसवला. त्यात "अतिरेकी" होते, "जेरबंद" होते आणि "बीड कनेक्शन" होते. या प्रकरणाचा निकाल २०१६ मध्ये लागला. बारा जण दोषी ठरले आणि आठ निर्दोष सुटले. म्हणजे पोलिसांनी पकडलेला साठा खरा होता, कट खरा होता, शिक्षा झालेले खरे होते. पण ज्या आठ जणांवर आरोप टिकले नाहीत, तेही दहा वर्षे आमच्या मथळ्यातल्या त्याच एका शब्दात राहत होते.

नंतर लोक मला विचारत, की असे का लिहिता. मी ठरलेले उत्तर देई, की मथळ्यात जागा नसते, मोठ्या टायपात "संशयित" बसत नाही. पुष्कळ वर्षांनी, नोकरी सोडल्यावर, एकदा सहज बोटांवर मोजले. अतिरेकी म्हणजे अ, ति, रे, की. संशयित म्हणजे सं, श, यि, त. दोन्ही चार अक्षरांचे. जागा होती.

मराठी बातमीदारीच्या भाषेत क्रियापदे फार घाईची आहेत. छडा लागला, मुसक्या आवळल्या, पर्दाफाश झाला, बिंग फुटले, जेरबंद केले. या प्रत्येक क्रियापदात काम पुरे होऊन गेलेले असते. त्याच्यापुढे न्यायालयाला करण्यासारखे काही उरतच नाही. "अटक केली" असे म्हटले तर पुढे खटला आहे हे वाचकाला जाणवते. "मुसक्या आवळल्या" म्हटले की दोरीची गाठच दिसते. त्याच कार्यालयात दुसरीकडे किती संयम होता, ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. गणपतीत किंवा मोहरमात गावात दगडफेक झाली, की आम्ही कटाक्षाने "दोन गटांत" असे लिहीत असू. कोणते दोन गट हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असे, पण कागदावर जातीधर्माचे नाव येऊ द्यायचे नाही, हा दंडक नव्याने आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात शिकवला जाई. त्याचे कारणही सांगितले जाई, की छापलेले नाव रस्त्यावर उतरते. ही समज आमच्याजवळ होती. पण बाँबचा प्रश्न आला की दंडक गळून पडे. त्याच टेबलावर, त्याच रात्री, एका पानावर "दोन गट" असत आणि पहिल्या पानावर सरळ धर्म असे. या विसंगतीबद्दल आमच्या बैठकीत कधी चर्चा झाल्याचे मला आठवत नाही.

त्याच २००६ च्या जुलैत मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली. त्या रात्रीची पाने लावताना आमच्या एका सहकाऱ्याचा भाऊ विरारला राहत असे आणि फोन लागत नव्हता, म्हणून तो जिन्यात उभा राहून रडत होता. ते दुःख खरे होते आणि आमचा राग त्या दुःखातूनच आलेला होता, हे मी नाकारत नाही. मग ऑगस्ट गेला आणि आठ सप्टेंबरला मालेगावात स्फोट झाले. तो शुक्रवार होता, शब-ए-बारात होती, माणसे मशिदीतून आणि कब्रस्तानातून बाहेर पडत होती. तीसहून अधिक जण गेले, त्यांत लहान मुले होती. फोटो आला तो चपलांचा होता. मेलेले जवळजवळ सगळे मुसलमान होते आणि तरी दोन महिन्यांत मी मथळा दिला, की स्फोटांचा छडा लागला, सिमीचे अतिरेकी जेरबंद. सिमी ही बंदी घातलेली मुस्लिम विद्यार्थी संघटना, आणि पकडलेले नऊही जण मुसलमान होते. आपल्याच कब्रस्तानात, आपल्याच मुलांवर, मोठ्या रात्रीच्या दिवशी यांनी हे का करावे, असा प्रश्न मला पडला नाही. वाचकांनाही पडला नसावा, कारण एकही पत्र आले नाही.

त्या नऊ जणांना पाच वर्षांनी जामीन मिळाला. तपास सीबीआयकडून एनआयएकडे गेला आणि वेगळीच माणसे आरोपी झाली. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या आधीच्या नऊ जणांना दोषमुक्त केले. नऊ नव्हे, आठ जणांना, कारण एक जण त्याआधीच वारला होता. त्या रात्री मीच पाळीवर होतो. मराठवाड्यात तेव्हा पाण्याचा हाहाकार होता, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते आणि पहिले पान टँकर, घागरी आणि कोरड्या विहिरींनी भरलेले असे. मालेगावची बातमी मी आतल्या पानावर एका कॉलमात टाकली. तेव्हा ते मला योग्य वाटले. लोकांना प्यायला पाणी नव्हते आणि दहा वर्षांपूर्वीच्या खटल्यात कुणाला रस असणार? आजही त्या रात्रीचे पहिले पान चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पण नऊ माणसांना आठ कॉलमांत अतिरेकी म्हटल्यावर ती नव्हती हे एका कॉलमात सांगणे, याला कोणते गणित म्हणायचे ते मला आजतागायत कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला दुकानावरून जाताना हाक मारली. पान नऊ घडी करून मशीनच्या खणात ठेवले होते. "तुमी लिवलं का हे?" असे त्यांनी विचारले. मी हो म्हणालो. "चांगलं केलं," एवढेच ते म्हणाले. ते मनापासून बोलत होते आणि त्यामुळे मला तिथे उभे राहवेना.

माझी आजी मानवतजवळच्या खेड्यातली. तिच्या बोलण्यात काळ मोजायची दोन मापे होती, "रझाकाराच्या टायमाला" आणि "पोलिस ॲक्शनीत", म्हणजे १९४८ मध्ये भारतीय फौजेने निजामाचे हैदराबाद संस्थान ताब्यात घेतले तेव्हा. घरातले धान्य पेवात लपवून, अंगावरचे दागिने चुलीखाली पुरून ती माणसे रात्री शिवारात झोपत. पण मी तिच्या तोंडून कधी "मुसलमान आले" असे ऐकले नाही. ती म्हणे, "रझाकार आले." लातूरचा वकील कासिम रझवी आणि त्याची फौज एवढ्यापुरताच तो शब्द होता. गावातला पिंजारी, वाण्याच्या दुकानातला दिवाणजी, शाळेतले उर्दूचे मास्तर हे त्या शब्दात बसत नव्हते. अक्षरओळख नसलेल्या बाईला हा फरक जिभेवर ठेवता येत होता. हैदराबादेत "इमरोज" या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी रात्री रस्त्यात गाठून मारले, कारण हैदराबाद संस्थान भारतात विलीन व्हावे असे ते लिहीत होते. नवे उपसंपादक आले की मी त्यांना ही गोष्ट सांगत असे. ज्यांच्या नावाने ती फौज बोलत होती, त्यांच्यातलाच एक संपादक तिच्याविरुद्ध लिहिता लिहिता मेला. मात्र आजीबद्दलही मला सगळे सांगितले पाहिजे. पोलिस ॲक्शननंतर आपल्या भागातल्या खेड्यांत मुसलमानांवर काय गुदरले, हे विचारले की ती सुपातले दाणे पाखडत राही आणि म्हणे, "जाऊ दे ते." एका बाजूचे तिने नेमक्या शब्दांत सांगितले आणि दुसऱ्या बाजूला गप्प राहिली. अर्धी हकिकत कितीही नेमकी असली तरी ती अर्धीच असते.

म्हणूनच धर्माचा उल्लेखच करू नये, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. माझा एक शिक्षक मित्र मला नेहमी म्हणतो, की तुम्ही पत्रकार लोक लपवता. त्याचे म्हणणे मी झिडकारत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला सव्वीस माणसे मारली गेली, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातली होती. धर्म विचारून गोळ्या घातल्या, असे ज्यांच्या डोळ्यांदेखत घडले त्या बायकांनी सांगितले. ते गाळून बातमी लिहिणे म्हणजे त्या बायकांना खोटे ठरवणे होय. मारणाऱ्याने स्वतः धर्माचे नाव घेतले असेल, संघटनेने तसे जाहीर केले असेल, खटल्यात हेतू म्हणून ते सिद्ध झाले असेल, तर ते त्या कृत्याचाच भाग आहे आणि वाचकाला ते कळलेच पाहिजे. त्याच कुरणावर पर्यटकांना वाचवायला गेलेला एक घोडेवालाही मारला गेला. तो मुसलमान होता, हेही त्याच बातमीत, त्याच परिच्छेदात आले पाहिजे. २०१६ मध्ये आमच्याच गावाच्या नावाने "परभणी मॉड्यूल" गाजले. आयसिसशी संबंध असल्याच्या आरोपावरून इथले चार तरुण पकडले गेले, त्यांतल्या एकाने पुढे गुन्हा कबूल केला आणि २०२२ मध्ये त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. ते काही कुणी रचलेले कुभांड नव्हते. पण चाचांचा धाकटा त्या सुमारास पुण्यात खोली शोधत होता. तो सांगत असे, की आडनावापर्यंत मालक ठीक बोलतो, मग गाव विचारतो, परभणी म्हटले की म्हणतो कळवतो. "मॉड्यूल" हा शब्द चार जणांचा होता आणि आम्ही तो गावाच्या नावाला जोडला होता.

आमच्या हातून चूक एकाच दिशेने झाली, असेही नाही. २९ सप्टेंबर २००८ रोजी मालेगावात भिक्खू चौकात पुन्हा स्फोट झाला, सहा जण गेले, आणि या वेळी अटक झाली ती हिंदू नावांची. "भगवा दहशतवाद" हा शब्द आला आणि आम्ही तोही मथळ्यात टाकला. तो टाकताना आमच्या टेबलावर कुणीतरी म्हणाले, "आता फिटंफाट झाली." मला ते वाक्य तेव्हा समतोल वाटले, याची आज लाज वाटते. एका धर्माच्या माणसांवर खटल्याआधी शिक्का मारला म्हणून दुसऱ्या धर्माच्या रंगावरही मारायचा, यात न्याय कसला? दोन्ही वेळा पुरावा नव्हता, फक्त नाव होते. ३१ जुलै २०२५ रोजी त्या खटल्यातले सातही आरोपी निर्दोष सुटले. संशय पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच्या दहाच दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने लोकलगाड्यांच्या स्फोटांतल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले होते, ज्यांतल्या पाच जणांना आधी फाशी सुनावलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने नंतर त्या निकालाला स्थगिती दिली, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. त्या दहा दिवसांत मी गावात फिरत होतो. ज्यांना पहिल्या निकालाचे दुःख झाले त्यांना दुसऱ्याचा आनंद झाला आणि ज्यांना पहिल्याचा आनंद झाला त्यांना दुसऱ्याचे दुःख झाले. वर्तमानपत्रांतले शब्दही तसेच बदलले. एकीकडे "सुटले" होते, दुसरीकडे "न्याय मिळाला" होते. लोकलमध्ये मेलेल्यांच्या आणि भिक्खू चौकात मेलेल्यांच्या घरी त्या दिवशी कोण गेले होते? त्यांच्यासाठी दोन्ही निकालांचा अर्थ एकच होता, की एवढ्या वर्षांनी पुन्हा काहीच हाती नाही.

घाई ही फक्त आपल्याकडचीच नाही. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत स्फोट आणि गोळीबार झाला, सत्त्याहत्तर माणसे गेली, आणि ते करणारा ब्रीविक हा तिथलाच एक नॉर्वेजियन माणूस आहे हे कळण्यापूर्वीच काही तास अनेक वाहिन्यांवर अल कायदाची चर्चा चालू होती. पण आपल्याकडचे एक उदाहरण मला त्याहून जास्त छळते. ७ मे २०२५ च्या गोळीबारात पूंछमधला एका मदरशातला शिक्षक मारला गेला. तो भारताचा नागरिक, पाकिस्तानी तोफगोळ्याचा बळी. काही वाहिन्यांनी त्याचा फोटो दाखवून सांगितले, की पाकव्याप्त काश्मिरातला मोठा अतिरेकी ठार झाला. पूंछच्या पोलिसांना जाहीर करावे लागले, की हे खोटे आहे. नंतर तिथल्या न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आदेशही दिला. ज्या घरातला माणूस नुकताच गेला होता, त्या घराला तोच माणूस शत्रू म्हणून टीव्हीवर दिसला. फोटोत दाढी होती, टोपी होती. वृत्तनिवेदकाला तेवढे पुरले. आणि मी प्रामाणिकपणे सांगतो, की तो फोटो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझाही विश्वास बसला होता.

लाल किल्ल्याच्या त्या संध्याकाळनंतर चौथ्या दिवशी मी पँट आणायला गेलो. बोळात लग्नसराईची गर्दी होती, मेंदीच्या कोनांच्या गाड्या लागल्या होत्या. चाचांच्या दुकानात एरवी दोघेतिघे बाकावर बसून गप्पा मारत असतात, तो बाक रिकामा होता. डॉक्टरचे नाव तोवर सगळ्यांना पाठ झाले होते. चाचा पायमशीनवर ब्लाउज शिवत होते. मला पाहून त्यांनी चाकावर तळहात ठेवून मशीन थांबवले, दोरा दाताने तोडला आणि मागच्या फळीवरून माझे पुडके काढले. कापड वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि शिवणीच्या कच्च्या दोऱ्याने दोन वेढे द्यायचे, ही त्यांची जुनी रीत आहे. डॉक्टरबद्दल ते काही बोलतील असे मला वाटले होते, आणि काय उत्तर द्यायचे याची मी वाटेत जुळवाजुळवही केली होती. ते काही बोलले नाहीत. मी पैसे दिले, त्यांनी सुटे मोजले, आणि मी पायरी उतरत असताना त्यांनी विचारले, "भाऊ, त्या रात्री पयल्यांदा ज्याचं नाव आलतं, तो गाडीवाला, त्याचं काय झालं हो पुढं?"

मी पायरीवर थबकलो. एवढ्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "बघतो," असे म्हणून मी निघालो.

घरी आलो आणि अकरा तारखेपासूनचे अंक कपाटाखालून ओढून जमिनीवर पसरले. अकराच्या अंकात पहिल्याच पानावर त्याचे नाव सापडले, गावासकट, वडिलांच्या नावासकट. मग बाराचा अंक उलगडला. एकेका कॉलमवरून बोट फिरवत मी पान सातवर आलो होतो, तेव्हा बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, की पँट बसली का. पुडके अजून दाराशी तसेच पडले होते.